मुद्देमालातलं घर

ती घटना आठवली की आजही मला आधी स्वतःचा राग येतो, आणि मग बाकीच्यांचा. पोलीस खात्यात तीस-बत्तीस वर्षं काढली. खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत डोक्यावर दगड खाल्ला. त्यातलं बरंचसं आता विसरलो आहे. पण या प्रकरणात रक्ताचा थेंब सांडला नव्हता, पेपरात चार ओळी आल्या नव्हत्या, आणि तरी ते काही केल्या मनातून जात नाही. नावं लिहीत नाही, ठाण्याचंही नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका ठाण्याचा मी प्रभारी अधिकारी होतो. वरच्या डोंगरातून नर्मदेकडचा रस्ता आमच्या हद्दीत उतरायचा. खाली म्हसावदकडे केळी, पपई, ऊस, सगळा हिरवागार मुलूख. वर डोंगरात धरणाचं पाणी चढत गेलेली गावं. त्या गावांतल्या लोकांसाठी खाली सपाटीवर पुनर्वसनाच्या वसाहती वसवल्या होत्या. वसवल्या होत्या असं कागदावर लिहितात म्हणून मीही लिहितो.

होळी होऊन आठवडा झाला असेल. सकाळी दहाच्या सुमाराला माझ्या खबऱ्याचा फोन आला. डोंगरातून एक ट्रॅक्टर सागाची लाकडं भरून उतरतोय, वनखात्याचा वाहतूक पास नाही, दोन तासांत तुमच्या हद्दीत येईल. खबऱ्या जुना होता, त्याची खबर सहसा वाया जात नसे. मी वनखात्याला कळवलं, दोन पंच बोलावले आणि फाट्यावर नाकाबंदी लावली.

ट्रॅक्टर बरोबर वेळेला आला. ट्रॉलीत सागाचे खांब, तुळया, फळ्या. वर एक म्हातारी बसलेली, तिच्या मांडीवर टोपलीत झाकलेल्या कोंबड्या. शेजारी जातं, दोन मडकी, एक पाळणा. ट्रॉलीच्या कडेला हात धरून एक म्हातारा उभा. पास विचारला तर त्याने कमरेची प्लास्टिकची पिशवी सोडली आणि घड्या घातलेले कागद पुढे केले. त्यात पास नव्हता. म्हणून मी बाकीचे कागद वाचलेच नाहीत.

माझे हवालदार खानदेशातलेच, सपाटीवरचे, नोकरीत माझ्याहून जुने. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "सायेब, ह्या माले चोर दिसत नहीत. चोर लाकूड लयतस ते वरथीन कडबा टाकीसन लयतस. ह्या ते कोंबड्या बठा लईसन उनात. भरदुपारले!"

हवालदारांचं बरोबर होतं, भरदुपारी कोंबड्या बरोबर घेऊन कोणी चोरीचा माल आणत नाही. लाकूडचोर माल झाकतो, आडरस्ता धरतो, पोलीस दिसले की ट्रॅक्टर सोडून पळतो. इथे पळायला कोणी तयार नव्हतं. पण माझ्यासमोर वनखात्याचा माणूस उभा होता, पंच उभे होते आणि साग डोळ्यांना दिसत होता. महिनाअखेरीच्या आढाव्यात कारवाया कमी पडत होत्या, तेही खरं. मी म्हणालो, "पंचनामा करा."

चौकशी ठाण्यात झाली. म्हातारा पावरी बोलणारा. हवालदार अहिराणीत विचारत होते आणि तो बाजारात शिकलेल्या मोडक्या अहिराणीत उत्तरं देत होता.

"लाकूड कोठीन लयना?"

"जंगलमाईन."

"कोनी तोडं?"

"मन्हा बापनी."

"बाप कोठे शे?"

"पानीमा."

लिहून घेणाऱ्या शिपायाने मान वर न करता सगळं उतरवून काढलं. आरोपीने लाकूड जंगलातून आणल्याचे कबूल केले. लाकूड त्याच्या वडिलांनी तोडल्याचे सांगितले. वडिलांचा ठावठिकाणा समाधानकारक सांगत नाही. आणि खाली, आरोपींच्या रकान्यात दुसऱ्या क्रमांकावर, त्या वडिलांना टाकून पुढे लिहिलं, फरार.

सत्तरीच्या म्हाताऱ्याचा बाप फरार! हे माझ्या सहीने कोर्टात गेलं. मी वाचलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही. वाचलं होतं. वाचून सही केली होती. बापाला जिथे माती दिली ती जागा धरणाच्या पाण्याखाली गेली, एवढंच तो माणूस सांगत होता, आणि ते आमच्यातल्या एकालाही कळलं नाही.

म्हातारा तीन दिवस कोठडीत राहिला. त्या तीन दिवसांत म्हातारी ठाण्यासमोरच्या निंबाखाली कोंबड्यांची टोपली घेऊन बसून होती. मग जामीन झाला. लाकडांना लेबलं लागली, सील लागलं आणि ती ठाण्याच्या मागच्या आवारात, वाळूचे ट्रॅक्टर आणि अपघातातल्या मोटारसायकली पडतात तिथे, जमिनीवर रचून ठेवली गेली. आमच्या दृष्टीने प्रकरण मार्गी लागलं.

पण म्हातारा दर बाजारच्या दिवशी येऊ लागला. गेटातून आत यायचा, सरळ मागे जायचा, लाकडांपाशी बसायचा. एखादा खांब पालापाचोळ्यात रुतला असेल तर त्याखाली दगड सरकवायचा. मुद्देमालाला हात लावतोस म्हणून एका शिपायाने त्याला हाकललं. पुढच्या बाजारी तो परत हजर.

त्याच सुमाराला धडगावकडची एक मुलगी आमच्या ठाण्यात महिला शिपाई म्हणून बदलून आली. ती स्वतः पावरा समाजातली. एके दिवशी मी खिडकीतून पाहिलं तर ती त्या म्हाताऱ्याजवळ उकिडवी बसून बोलत होती. मी बोलावून विचारलं, "काय म्हणतोय?"

"सर, बाबा विचारतात, पावसाळ्यात लाकडांवर काही झाकणार का? नाहीतर ते वसाहतीतून ताडपत्री आणतील."

मी हसलो. आरोपी मुद्देमालाची काळजी घेतो, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. ताडपत्री मात्र आणू दिली नाही. नियमात बसत नव्हतं.

आषाढात एक माणूस मला भेटायला आला. जुन्या सागाचा व्यापारी, मोठ्या शहरांतल्या बंगल्यांना जुने खांब आणि दरवाजे पुरवणारा. चांगले कपडे, गोड बोलणं. लिलाव कधी आहे, एवढंच विचारायचं होतं म्हणाला. कोर्टाचा आदेश झाल्याशिवाय लिलाव होत नाही, मी सांगितलं. जाताना त्याने मागे जाऊन माल पाहायची परवानगी मागितली. मी दिली. तो ढिगाभोवती दोनदा फिरला आणि म्हणाला, "सायेब, आढं कोठे गयं? येकच तुकडानं लांबलचक आढं व्हतं ना?"

"जप्तीत एवढंच आहे," मी म्हणालो.

"बरं, बरं," तो म्हणाला आणि निघून गेला.

दुपारचं जेवण करताना ते वाक्य मला टोचायला लागलं. आढं म्हणजे छपराचं सगळ्यात वरचं लाकूड. चोरून तोडलेल्या सागाला आढं कुठलं? ते घराला असतं. आणि होतं म्हणजे कुठे होतं? माझ्या पंचनाम्यात तर ते नव्हतंच. ताट तसंच ठेवून मी उठलो आणि लाकडांपाशी गेलो. तीन महिन्यांत पहिल्यांदाच मी ती नीट पाहिली. खांबांची वरची टोकं दुबेळक्याची, म्हणजे फांदी फुटते तिथे कापलेली. तुळयांना खाचा. एका बाजूला धुराचा काळा थर, नखाने खरवडला तरी निघेना असा. ताज्या तोडीच्या लाकडाला इतका धूर कुठून लागणार? पोलीसवाल्याने हे पहिल्या दिवशी पाहायला हवं होतं. शाळेतल्या पोरानेही पाहिलं असतं.

म्हाताऱ्याला निरोप पाठवला. तो म्हातारीला घेऊन आला. महिला शिपाईला मध्ये बसवलं आणि पहिल्यापासून विचारलं. या वेळी मी स्वतः ऐकलं.

ते त्यांचं घर होतं. बापाने बांधलेलं, खिळा न वापरता. धरणाचं पाणी चढलं तसं त्यांनी ते सोडवलं आणि टेकडीवर चढवलं. पाणी पुन्हा चढलं, पुन्हा सोडवलं, आणखी वर नेलं. असं तीनदा. मुलगा-सून गुजरातेत ऊसतोडीला गेलेले, वर म्हातारा-म्हातारी आणि बुडालेल्या गावाची उरलेली चार घरं. अखेर खाली वसाहतीत प्लॉट मिळाला. घर होडीने घाटावर आणलं आणि तिथून ट्रॅक्टरने. आढं लांब म्हणून ट्रॉलीत मावलं नाही. ते घाटावरच एका भाच्याच्या राखणीत ठेवलं होतं.

"आणि पास का काढला नाही?" मी विचारलं.

म्हाताऱ्याने पुन्हा ती पिशवी सोडली. या वेळी मी प्रत्येक कागद वाचला. पासासाठी तो चार वेळा पुनर्वसनाच्या संबंधित कार्यालयात गेला होता. अर्जाच्या पोचा होत्या. शेवटच्या अर्जावर शेरा होता की अर्जदाराचे घर यापूर्वीच स्थलांतरित झाल्याची नोंद असल्याने वाहतुकीच्या परवानगीचा प्रश्न उद्भवत नाही. कुणीतरी दोन वर्षांपूर्वी खुर्चीत बसून रकाना भरला होता. घर डोंगरावर उभं होतं आणि कागदावर ते खाली उतरूनही गेलं होतं.

त्याच पिशवीत त्याच कार्यालयाची एक नोटीस होती. आपणास दिलेल्या प्लॉटवर घर आढळून आले नाही. दिवाळीपूर्वी घर न बांधल्यास प्लॉट रद्द करण्यात येईल.

म्हणजे घर हलवायला परवानगी नाही, कारण ते आधीच हललेलं आहे. आणि प्लॉट काढून घेणार, कारण घर तिथे नाही. फाट्यावर म्हाताऱ्याने हेच कागद माझ्यापुढे धरले होते. ते मी वाचले असते तर प्रकरण तिथेच, त्या फाट्यावरच संपलं असतं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. व्यापाऱ्याला बोलावून घेतलं. आढं कधी पाहिलंस, एवढाच प्रश्न विचारला. तो आधी आठवत नाही म्हणाला. मग ट्रॅक्टरची खबर देणाऱ्या माझ्या खबऱ्याला समोर उभं केलं आणि खबऱ्याने सगळं ओकलं. व्यापारी होडीने त्या गावात गेला होता. घर पाहिलं, खांब मागितले. म्हाताऱ्याने नाही म्हटलं. दुसऱ्यांदा गेला, पुन्हा नाही. मग हे घर खाली उतरणार असल्याचं कळलं तेव्हा त्याने खबऱ्याकरवी मला खबर दिली. जप्त झालेला माल लिलावात निघतो आणि लिलावात बोली लावणारे कोण असतात, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्याला घर हवं होतं आणि ते मोडून हाती द्यायला त्याने पोलीस लावले. तो पोलीस मी.

मी आवाज चढवला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "सायेब, मी खोटं काय बोलनू? लाकूड ई ऱ्हायनं म्हनं, ते उनं ना? पास नही म्हनं, ते नव्हताच ना?"

लाकूड आलं होतं आणि पास नव्हता, दोन्ही खरंच होतं. तरी त्याच्यावर लोकसेवकाला दिशाभूल करणारी माहिती दिल्याबद्दल कारवाईचा प्रस्ताव मी पाठवला. प्रस्ताव वर गेला आणि वरच राहिला. तो माणूस आजही जुना साग विकतो. कोणाच्या तरी दिवाणखान्यात कोणाचं तरी बुडालेलं घर उभं असेल आणि पाहुणे त्याचं कौतुक करत असतील.

आता प्रश्न होता कोर्टाला पटवायचा. लाकूड घराचं आहे हे म्हाताऱ्याचं म्हणणं, आणि आमच्याकडे त्याचीच कबुली की ते जंगलातून आणलं. वनखात्याच्या माणसाने खांदे उडवले. जुनं आहे हे दिसतं, पण एकाच घराचं आहे कशावरून? दहा ठिकाणचं जमवलेलं असेल. तोडगा म्हाताऱ्यानेच काढला.

महिला शिपाई म्हणाली, "सर, बाबा म्हणतात, उभं करून दाखवतो."

"कुठे?"

"इथेच."

मी कोर्टाची परवानगी घेतली, पंच बोलावले, वनखात्याचा माणूस बोलावला. श्रावणातली उघडीप पाहून दिवस ठरवला. म्हाताऱ्याबरोबर त्याच्या गावची सहा माणसं आली. आढंही आलं, दोन बैलगाड्या एकामागे एक जोडून. सकाळी नऊला त्यांनी आवारात खड्डे घेतले. माप घ्यायला टेप नाही, हात आणि वीत. कोणता खांब कुठला, यावर एकदाही वाद झाला नाही. प्रत्येक खांबाला वर दुबेळक्यापाशी कुऱ्हाडीने केलेल्या खुणा होत्या, एक चीर, दोन चिरा, तीन चिरा. थोरला खांब म्हाताऱ्याने स्वतः उभा केला. नवं धान्य घरात आलं की पहिल्यांदा त्याच खांबापाशी ठेवतात, असं मला सांगण्यात आलं. तो उभा करण्यापूर्वी म्हातारीने त्याच्या बुडाला पाणी लावलं. माझे शिपाई टोप्या काढून बाजूला उभे राहिले. त्यांना तसं कोणी सांगितलं नव्हतं.

तुळया चढल्या. प्रत्येक तुळईची खाच आपापल्या दुबेळक्यात बसली, काही तर नुसत्या हाताच्या ठोशाने. धुराचे काळे डाग एका खांबावरून तुळईवर आणि तुळईवरून पुढच्या खांबावर सलग जुळले. चूल कुठे होती ते बोट ठेवून दाखवता येत होतं. तीनच्या सुमाराला आढं वर गेलं. माझ्या ठाण्याच्या मागे, वाळूच्या ट्रॅक्टरांच्या मध्ये, एक घर उभं होतं. म्हातारी आत गेली आणि चुलीच्या जागी जाऊन बसली.

वनखात्याच्या माणसाने पंचनाम्यावर सही केली. हवालदार माझ्या कानाशी लागून म्हणाले, "सायेब, आपनी घर जप्त करं. बाई बठेल शे, आते तिले बी लेबल लावतस का?"

मी त्यांच्यावर खेकसलो. त्यांचं चुकलं नव्हतं म्हणून खेकसलो.

कोर्टात आम्ही 'क' समरी अहवाल पाठवला, म्हणजे गुन्हा चुकीच्या समजुतीने दाखल झाला. फरार बापाचं नावही त्यातच निघालं. मुद्देमाल परत देण्याचा आदेश यायला भाद्रपद संपला. तोवर घर पुन्हा सोडवून रचून ठेवावं लागलं होतं, कारण ठाण्याच्या आवारात घर ठेवणं नियमात बसत नव्हतं.

मी पंचनाम्याची प्रत घेऊन गणवेशात त्या संबंधित कार्यालयात गेलो. साहेबांनी रजिस्टर उघडून दाखवलं. "आमच्या नोंदीप्रमाणे घर प्लॉटवर आहे."

"मग घर नाही म्हणून नोटीस कशी?"

"ते दुसरं टेबल."

मी बराच वेळ बोललो. काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. नोटीस एक महिना पुढे ढकलली गेली. तेवढं झालं.

आता घरी बसून टीव्हीवर पाहतो. कुठल्या कुठल्या देशांतून माणसं निघालेली असतात, डोक्यावर गाठोडी, कडेवर लेकरं, कुंपणाला हात लावून उभी. त्यांना निदान निर्वासित म्हणतात. जग त्यांच्यासाठी चार बैठका तरी घेतं. आमच्या डोंगरातल्या माणसाने कुठलीच सरहद्द ओलांडली नाही, कुठल्याच लढाईतून तो पळाला नाही. त्याचं गाव बुडालं, ते कोणाच्या तरी विजेसाठी आणि कोणाच्या तरी नळासाठी. त्याला फाइलमध्ये बाधित म्हणतात आणि पुढचं पान उलटतात. जो माणूस स्वतःचं घर खांद्यावर घेऊन चाललाय त्याला आम्ही विचारतो, हे घर तुझं कशावरून? हा प्रश्न विचारायचा अधिकार मला कोणी दिला, याचं उत्तर मला नोकरीत सापडलं नाही. कबुली समोर असली की पोलीस ऐकायचं थांबवतो, एवढं मात्र या प्रकरणाने शिकवलं. नंतर ठाण्यात आलेल्या प्रत्येक नव्या शिपायाला मी सांगत असे, माणसाच्या हातात कागद असेल तर आधी तो वाच.

दिवाळीच्या चार दिवस आधी महिला शिपाईला घेऊन मी वसाहतीत गेलो. घर प्लॉटवर उभं होतं, कुडाच्या भिंतींना ओलं सारवण. म्हाताऱ्याने आत बोलावलं. मी आत शिरताना आढ्याखालच्या तुळईवर कपाळ आपटलं. घर फारच ठेंगणं होतं. मी सहज विचारलं, तुमच्याकडे घरं इतकी बुटकी बांधतात का?

म्हातारी काहीतरी बोलली. मी महिला शिपाईला विचारलं.

"सर, आजी म्हणते, सासऱ्याने बांधलं तेव्हा तुळईला हात लावायला उडी मारावी लागायची. खांब उपटला की जमिनीतलं कुजलेलं बूड कापावं लागतं. डोंगरावर तीनदा कापलं. दर वेळी थोडंथोडं. खाली उतरवताना बूड चांगलं होतं, तरी आता पुन्हा कापावं लागलं."

"आता का? तीन वेळा कापलं होतं ना?"

तिने म्हातारीकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "पावसाळाभर लाकडं आपल्या आवारात चिखलात होती, सर. वाळवी लागली. वीतभर गेलं."

म्हाताऱ्याने माझ्यासाठी खाट टाकली आणि कपाळाला लावायला पाणी दिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं. मी मान वाकवून बसलो, कारण त्या घरात ताठ बसता येत नव्हतं. तीन वेळा ते घर धरणाच्या पाण्याने कापलं. चौथ्या वेळी मी कापलं.